गिरणा 'वर' कशी वाहते? नव्याने भूगोल शिकवणाऱ्यांसाठी

सूची, प्रमाण, सांकेतिक खुणा हे सगळं बी.एड.ला झालेलंच असतं, ते उगाळत नाही. खान्देशात भूगोल शिकवणार असाल तर अडकाल ते भलत्याच ठिकाणी. भिंतीवरच्या नकाशात उत्तर वर असते आणि पोरांच्या डोक्यात 'वर' म्हणजे चढ.

गोदावरी, भीमा शिकवताना हे लक्षातही येत नाही. घोळ होतो तो आपल्याच नद्यांवर. गिरणा सह्याद्रीतून निघते, मालेगावहून पुढे येते आणि उत्तरेला वळून तापीला मिळते. पांझरा, बोरी यांचंही शेवटी तेच. टांगलेल्या नकाशात तिघी भिंत चढताना दिसतात. सातवीतल्या एकाने मला सरळ विचारलं, "पानी वर कसं चढी, सर?" तो निदान बोलला. बाकीची पोरं आराखड्यात नदी अचूक काढतात, गुण घेतात, आणि मनात तिला उलटी वाहवतात. खात्री करायची असेल तर विचारा: गिरणेला पूर आला, तर आधी कुठे कळेल, मालेगावला की भडगावला? उत्तरं ऐकून दचकू नका.

उपाय साधा आहे, नकाशा खिळ्यावरून काढा आणि जमिनीवर पसरा. यावल, चोपडा, शिरपूरकडे सातपुडा दिसतो त्या बाजूला नकाशाची उत्तर करा. चाळीसगावला असाल तर दक्षिणेला अजिंठ्याची रांग आहेच. होकायंत्र नंतर. मग खान्देशचा आराखडा छोट्या फ्लेक्सवर छापून घ्या, तापीच्या रेषेवर घडी पाडा आणि उत्तर-दक्षिण कडांखाली विटा सारा. पूर्वेकडे तापीखाली एखादं पुस्तक ठेवा. गिरणेच्या रेषेवर कपभर पाणी ओता. पाणी घडीत उतरतं आणि सुरतेच्या बाजूला पळतं. फरशी ओली होते, शिपाईमामा कुरकुरतात, होऊ द्या.

"नकाशा घोकून घ्या, गुण मिळतात," असं सांगणारे ज्येष्ठ भेटतीलच. त्यांना चहा पाजा, सल्ला घेऊ नका. तयार व्हिडिओंबद्दलही माझं मत फारसं बरं नाही. नदी ॲनिमेशनमध्ये छान वाहते, पण पोराला स्वतःची उत्तर दिशा सापडत नाही.

झेरॉक्सचं तेवढं सांभाळा. १:५०,००० म्हणजे कागदावरचे २ सेंटिमीटर जमिनीवर १ किलोमीटर. तोच नकाशा ए-४ वर बसवायला लहान केलात की छापलेलं अंकप्रमाण (हेच १:५०,०००) खोटं ठरतं. रेषाप्रमाण, म्हणजे नकाशावर काढलेली मोजपट्टी, मात्र कागदाबरोबर लहान होतं, म्हणून अंतर त्यावरूनच मोजायला लावा.

पहिलं वर्ष जड जातं, गोंधळही होतो. पण पोरं हुशार आहेत, नकाशा जमिनीवर आला की दुसऱ्या तासाला ती स्वतःच दिशा सांगतात. फक्त तास संपल्यावर नकाशा परत टांगताना उत्तरेच्या भिंतीवर टांगा. फळा दुसऱ्या भिंतीवर असेल तर बाकं वळवा.