टीव्ही घरात निवडा, दुकानात तपासा

नाशिकमध्ये घरोघरी जाऊन टीव्ही भिंतीवर बसवायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे, हे माझं काम. सिडकोच्या स्कीममधली घरं, इंदिरानगर-पाथर्डी फाट्याकडचे फ्लॅट, सातपूरच्या कामगार वसाहती, असा माझा रोजचा फेरा. टीव्ही खोक्यातून निघतो तेव्हा मी समोर असतो आणि काही वर्षांनी पडद्यावर उभी रेघ आली की बोलावणं मलाच येतं. त्यामुळे वीस ते तीस हजारांत टीव्ही घेणाऱ्या घराने पैसे कुठे घालावेत आणि कुठे अजिबात घालू नयेत, याबद्दल माझं मत पक्कं झालं आहे. टीव्ही केवढा आणि कसला, हे घरात बसून ठरवायचं. दुकानात जायचं ते तपासायला आणि भाव करायला.

आधी जुन्या टीव्हीकडे बघा. आवाज येतो पण चित्र नाही, अशी तक्रार असेल तर रात्री खोलीतला दिवा बंद करा, टीव्ही चालू ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ नेऊन तिरपा मारा. आत पुसटशी माणसं हलताना दिसली तर पॅनल, म्हणजे चित्र उमटवणारा पडदा, शाबूत आहे, त्याला मागून उजेड देणाऱ्या बॅकलाइटच्या एलईडी पट्ट्या गेल्या आहेत. ३२ इंची टीव्हीच्या पट्ट्या बदलायला नव्या टीव्हीच्या किमतीचा लहानसा हिस्सा लागतो. पडद्यावर तडे असतील, शाईसारखे काळे डाग पसरले असतील, तर मात्र पॅनलच गेलं. तिथे दुरुस्तीत पैसे घालू नका. आणि जुना टीव्ही ठणठणीत आहे, फक्त त्यावर यूट्यूब किंवा ओटीटी दिसत नाही, एवढीच अडचण असेल, तर टीव्हीच्या एचडीएमआयच्या भोकात लावायची, इंटरनेटवरून ही अ‍ॅप दाखवणारी स्ट्रीमिंग स्टिक आणा. काही हजारांत काम होतं आणि पुढे नवा टीव्ही घेतला तरी ती वाया जात नाही.

नवाच घ्यायचं ठरलं तर टेप काढा. जिथे टीव्ही लागणार त्या भिंतीपासून घरातलं माणूस जिथे बसतं तिथपर्यंतचं अंतर मोजा, डोक्यापासून. सिडकोतल्या बऱ्याच हॉलमध्ये हे अंतर सात फुटांच्या आसपास भरतं, म्हणजे ८४ इंच. फुल एचडी टीव्हीसाठी ठोकताळा असा, की अंतराला दोनने भागायचं: ४२ आले, म्हणजे ४३ इंची घ्या. फोरके, म्हणजे त्याहून जास्त आणि बारीक ठिपक्यांचा टीव्ही असेल तर दीडने भागलं तरी चालतं, आणि मग उत्तर ५६ येतं. इथेच लोक ५५ इंचावर उडी मारतात. पण तुमच्या घरात दिवसभर चालतं काय, ते बघा. केबलवर किंवा डिशवर साधे, एचडी नसलेले चॅनल असतील, तर त्यांचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. फोरके पडद्यावर ठिपके ३८४० बाय २१६०. एवढंसं चित्र तेवढ्या पडद्यावर ताणलं की सात फुटांवरून चेहरे मेणाचे दिसू लागतात. संध्याकाळी मालिका आणि बातम्या साध्या चॅनलवर बघणाऱ्या घराला ४३ इंचच बरा. घरात चांगलं ब्रॉडबँड आहे, बहुतेक बघणं ओटीटीवर आणि एचडी चॅनलवर होतं, तर ५५ चा विचार करा, तोही बजेट ताणायची गरज नसेल तर. बेडरूममध्ये, पाच फुटांवरून बघायला, ३२ इंच पुरतो.

इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप असतं, भिंतीवर लागते ती रुंदी. ३२ इंची टीव्ही साधारण ७२ सेंटिमीटर रुंद, ४३ इंची ९६ च्या आसपास, ५५ इंची सव्वाशेला टेकलेला. वर्तमानपत्राचे कागद जोडून तेवढा आयत भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. कपाटाचं दार त्यावर आपटतं का, दुपारी खिडकीचं ऊन थेट त्यावर येतं का, देवघराची समई जवळ येते का, हे सगळं कागदावरच कळतं. हा कागद लावताना उंचीही ठरवा. आपल्याकडे पोरांचे हात नकोत म्हणून टीव्ही दाराच्या चौकटीएवढा वर टांगतात आणि मग अख्खं घर मान वर करून बघतं. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर यायला हवा: सोफा असेल तर जमिनीपासून साधारण साडेतीन फूट, भारतीय बैठक असेल तर त्याहून खाली.

आता घरातली माणसं कुठे कुठे बसतात ते बघा, कारण पॅनल त्यावर ठरतं. या किमतीत दोन प्रकारची पॅनल येतात. व्हीए पॅनलचा काळा रंग खरोखर काळा दिसतो, रात्री दिवा बंद करून सिनेमा बघायला छान. पण बाजूला बसलेल्याला रंग फिके दिसतात. आयपीएसमध्ये काळा थोडा राखाडी वाटतो, पण बाजूनेही चित्र नीट राहतं. हॉल लांबट आहे, कुणी दिवाणावर, कुणी खाली, आणि आई स्वयंपाकघराच्या दारातून मालिका बघते, अशा घरात आयपीएस घ्या. त्या दारात उभ्या बाईला चित्र दिसतं की नाही, याचा विचार टीव्ही घेताना कुणी करत नाही, आणि मला तेच फार खटकतं. दिवसातले सगळ्यात जास्त तास टीव्ही तीच ऐकत-बघत असते. पॅनलचा प्रकार खोक्यावर बहुधा नसतो आणि एकाच मॉडेलमध्ये मापाप्रमाणे तो बदलू शकतो. म्हणून दुकानात बाजूला सरकून, अगदी भिंतीलगत उभं राहून बघायचं. माणसाच्या चेहऱ्याचा रंग उडाला तर ते पॅनल तुमच्या घराचं नाही.

मेन रोड-शालिमारचं दुकान असो, कॉलेज रोडवरचं मोठं शोरूम असो की नाशिकरोडचं, सगळीकडे टीव्हीवर समुद्र, फुलं आणि पोपट चालू असतात. ते चित्र कंपनीनेच टीव्ही विकायला बनवलेलं असतं आणि पिक्चर मोड सगळ्यात भडक ठेवलेला असतो. त्यावरून काहीही ठरवू नका. खिशात पेनड्राइव्ह न्या. त्यात पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पाच साधे फोटो, अंधाऱ्या प्रसंगाचा एखादा व्हिडिओ आणि क्रिकेटचा एक तुकडा. रंगीत फोटोंवर अडकलेला ठिपका लगेच दिसतो. पांढऱ्यावर कुठे धुरकट पट्टा आहे का ते कळतं. काळ्यावर कोपऱ्यांतून उजेड झिरपत असेल तर तोही दिसतो. थोडा सगळ्यांतच असतो, पण हातभर पांढरा पट्टा असेल तर दुसरा नग मागा. क्रिकेटमध्ये चेंडूमागे शेपूट राहते का बघा. मग सेल्समनला सांगा, मोड स्टँडर्ड कर आणि सेटटॉप बॉक्सवर साधा मराठी चॅनल लाव. काहीजण कुरकुर करतील. तिथून निघा, दुसरं दुकान चार पावलांवर आहे.

खोक्यावरच्या अक्षरांबद्दल थोडक्यात सांगतो. क्यूएलईडी म्हणजेही बॅकलाइटचाच टीव्ही, आत रंग खुलवणारा एक थर जास्तीचा. मिळालं तर चांगलं, पण त्यासाठी सर्व्हिस नसलेली कंपनी घेऊ नका. एचडीआर, म्हणजे उजळ आणि अंधारे भाग जास्त उठून दाखवायची सोय, लिहिलेलं असलं तरी या किमतीतल्या पडद्यांचा उजेड बेताचाच असतो, त्यामुळे त्या नावाखाली जास्तीचे पैसे देऊ नका. मोशन रेट १२० म्हणजे पडदा १२० हर्ट्झचा, सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा, असेलच असं नाही. साधा ६० हर्ट्झचा पडदा घरच्या वापराला पुरतो.

जिथे खरंच बघायचं ते आतल्या मेमरीत. १ जीबी रॅमचा स्मार्ट टीव्ही नवा असताना चालतो, अ‍ॅप अपडेट होत गेली की रिमोटचं बटण दाबून वाट बघत बसावं लागतं. २ जीबी रॅम आणि शक्य तर १६ जीबी स्टोरेज मागा. दुकानात यूट्यूब उघडा, होमचं बटण दाबा, दुसरं अ‍ॅप उघडा, परत या. अडखळला तर घरी जास्त अडखळेल. गूगल टीव्ही, सॅमसंगचं टायझेन, एलजीचं वेबओएस, यांतलं काहीही चालेल. पण नुसतं अँड्रॉइड असं मोघम लिहिलेले स्वस्त टीव्ही येतात, त्यांच्यावर ठरावीक ओटीटी अ‍ॅप नीट चालत नाहीत. तुम्ही जे अ‍ॅप पैसे भरून बघता ते समोर चालवून घ्या. एचडीएमआयची भोकं तीन हवीत आणि त्यातल्या एकावर एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच वायरीने बाहेर पाठवायची सोय) लिहिलेलं हवं, म्हणजे पुढे साउंडबार एका वायरीत लागतो. घरचा सेटटॉप बॉक्स जुना, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा असेल, तर टीव्हीत ती सोय आहे का विचारा. बऱ्याच टीव्हीत त्यासाठी छोटा जोड देतात, तो हरवू नका. राउटर आतल्या खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय किंवा लॅनची, म्हणजे इंटरनेटची वायर थेट लावायची, जागा आहे का तेही बघा.

आवाजाची खात्री दुकानातल्या गोंगाटात होत नाही. तरी बातम्या लावा आणि बोलणं स्पष्ट येतं का ऐका, गाणी लावू नका. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर मी सांगेन, पाच इंच कमी घ्या आणि वाचलेल्या पैशात साधा साउंडबार आणा. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, वॅटचा आकडा कितीही लिहिलेला असो.

आणि सर्व्हिस. माझ्या एका ग्राहकाने ऑनलाइन स्वस्त मिळाला म्हणून अनोळखी नावाचा ४३ इंची टीव्ही घेतला. वॉरंटीत पॅनल गेलं, तक्रार नोंदवली गेली, पण पॅनल काही आलं नाही. शेवटी त्यांनी टीव्ही भंगारात दिला. पैसे देण्याआधी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन लावा, आपला पिनकोड सांगा आणि विचारा: माणूस नाशिकचा येतो की बाहेरून, आणि पॅनलवर वॉरंटी किती. वाढीव वॉरंटी घेताना त्यात पॅनल आहे का ते वाचून बघा. नसेल तर ती घेण्यात फारसा अर्थ नाही. आपटून किंवा दाबून फुटलेला पडदा वॉरंटीत बसत नाही.

किमतीचं सांगायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. ३२ आणि त्याखालच्यांवर तो आधीपासून १८ होता. म्हणून त्याआधीच्या छापील किमतीशी तुलना दाखवून कुणी मोठी सूट सांगत असेल तर फसू नका, आजचा भाव दोन दुकानांत विचारा. दसरा-दिवाळीला आणि पाडव्याला ऑफर असतात, पण गर्दीत पेनड्राइव्ह लावू देत नाहीत. आठवडाभर आधी जाऊन तपासून या. नो कॉस्ट ईएमआयवर घेताना रोखीचा भाव वेगळा विचारा आणि प्रोसेसिंग फी धरून बेरीज करा. बजेटमधले दोन-तीन हजार बाजूला ठेवा: वॉल माउंट कधी खोक्यात असतो, कधी त्याचे वेगळे घेतात. विजेचा हिशेब सोपा आहे. ९० वॅटचा टीव्ही रोज पाच तास चालला तर महिन्याला साडेतेरा युनिट. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, ते दोन टीव्हींचे शेजारी ठेवून बघा.

माझ्याकडे मे-जूनच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात फोन वाढतात. गडगडाट झाला आणि टीव्ही बंद पडला, ही ठरलेली तक्रार. लोक प्लग काढतात पण छतावरच्या डिशची वायर तशीच ठेवतात, आणि झटका तिथून येऊन एचडीएमआय जाळतो. वीज कडाडायला लागली की प्लग, डिशची वायर आणि लॅनची वायर तिन्ही काढा. विजेचा झटका अडवणारा स्पाइक गार्ड लावा, पण त्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्ड पूर्ण काम करू शकत नाही.

टीव्ही घरी आला की खोकं स्वतः उघडू नका. कंपनीचा माणूस येईपर्यंत उभं ठेवा, आडवं झोपवू नका. उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा, खोक्याच्या चारही बाजू दाखवून. भिंत पोकळ वाजत असेल तर बसवणाऱ्याला सांगा, गिलाव्यावर भरवसा न ठेवता विटेपर्यंत ड्रिल मार. त्याच दिवशी तुमचा पेनड्राइव्ह पुन्हा लावा आणि पाचही फोटो बघा, कारण बदलून मिळण्याची मुदत थोडी असते. पिक्चर मोड स्टँडर्ड किंवा सिनेमावर ठेवा आणि बॅकलाइट शंभरावरून साठ-सत्तरवर आणा. पट्ट्या जास्त टिकतात आणि डोळ्यांनाही बरं. बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर टीव्हीच्या मागच्या नंबराशी जुळवा, बिलाचा फोटो काढून ठेवा. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. फोन करताना बिल, व्हिडिओ आणि कंपनीकडच्या तक्रारीचा नंबर हाताशी ठेवा.