ऑटोकॅडमधील क्वचित लागणाऱ्या कमांड : या चुका टाळा

भोसरीतील एका लहान डिझाइन कार्यालयात, ऑटोकॅड या संगणकावर ड्रॉइंग काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली पाइपिंगची ड्रॉइंग तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. महिन्यातून एखाद्या वेळी लागणाऱ्या कमांड चटकन हाताशी याव्यात म्हणून नवी मुले जे उपाय करतात, त्यांतील काही उपायांनी कमांड सापडणे राहते बाजूला आणि ड्रॉइंगच बिघडते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अशा कमांडला दोन अक्षरी संक्षेप देणे. आमच्याकडील एका मुलाने संक्षेपांच्या 'पीजीपी' फाइलच्या शेवटी एक्स्प्लोडसाठी, म्हणजे ब्लॉक (एकच वस्तू म्हणून जोडलेले चित्र) फोडून सुट्या रेषा करणाऱ्या कमांडसाठी, 'ईएक्स' असे लिहून ठेवले, कारण नावाची पहिली दोन अक्षरे त्याला लक्षात ठेवायला सोपी वाटली. वास्तविक ईएक्स हा मुळात एक्स्टेंडचा, म्हणजे रेष सीमेपर्यंत वाढवणाऱ्या कमांडचा, संक्षेप आहे, पण एकच संक्षेप दोनदा आला की शेवटचा लागू होतो. दुसऱ्या पाळीतील सहकारी त्याच संगणकावर बसला. पाइपची रेष व्हॉल्वला टेकवण्यासाठी त्याने ईएक्स टाइप केले, सीमा म्हणून व्हॉल्वचा ब्लॉक निवडला आणि एंटर दाबले. आमची आवृत्ती २०२१ च्या आधीची असल्याने एक्स्टेंडही प्रथम वस्तू निवडायलाच सांगतो, त्यामुळे त्याला शंका आली नाही. ब्लॉक फुटला, तरी त्याच्या रेषा जागच्या जागी राहिल्या. व्हॉल्वचा क्रमांक पुसला जाऊन तेथे नुसते टॅगचे (ज्या रकान्यात तो क्रमांक भरला होता त्याचे) नाव आले होते, पण झूम केल्यामुळे ते पडद्याबाहेर होते. कमांड चालली नाही असे समजून त्याने रेष हाताने ओढली आणि पुढच्या व्हॉल्वला हेच पुन्हा केले. ब्लॉक मोजून सामानाची यादी काढली तेव्हा ४६ व्हॉल्वऐवजी ३९ आले. फाइल बंद झालेली असल्याने अनडू करता येईना, आणि ते सात ब्लॉक पुन्हा बसवून क्रमांक ताडून पाहण्यात माझी शनिवारची सबंध दुपार गेली.

म्हणून संक्षेप रोजच्या कमांडलाच द्यावा, आणि देण्यापूर्वी ती अक्षरे कमांड लाइनवर टाइप करून पाहावीत, असा माझा आग्रह आहे. हे पाहायला दहा सेकंद लागतात, आणि तेवढाही धीर ज्याला नाही त्याने पीजीपी फाइल उघडूच नये.

क्वचित लागणाऱ्या कमांडसाठी मी एक वेगळे टूल पॅलेट (कमांडची चिन्हे मांडलेली खिडकी) ठेवतो आणि प्रत्येक कमांडसमोर तिचे काम मराठीत लिहितो : ओव्हरकिलला 'एकावर एक आलेल्या रेषा काढणे', पर्जला 'न वापरलेले लेयर व ब्लॉक काढणे'. सहा महिन्यांनी इंग्रजी नाव आठवत नाही, काम मात्र आठवते.

क्विक ॲक्सेस टूलबारवर तीस चिन्हे भरू नयेत. सहा-सातच्या पुढे नजर प्रत्येक वेळी शोधतच राहते.

नावाचा मधला तुकडा आठवत असेल तर तोच टाइप करावा. मधल्या अक्षरांवरून शोधण्याची सोय सुरू असेल तर 'किल' लिहिताच ओव्हरकिल सुचवले जाते.

सेटिंग मूळपदावर आणण्यापूर्वी पीजीपी आणि सीयूआयएक्स (मेनू व टूलबारची मांडणी साठवणारी) या दोन्ही फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. मी तिच्या नावात तारीख घालतो.