मालवणच्या सागरी अभयारण्यात हौशी होडी नेताना

मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर. त्यातला 3 चौरस किलोमीटरच्या थोडा वरचा भाग गाभा क्षेत्र आणि बाकीचं त्याभोवतीचं बफर. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे पाण्याखालचे खडक, म्हणजे नेमकी हौशी मंडळींना जायचं असतं ती जागा, गाभ्यात येते. समुद्राला कुंपण नसतं. त्यामुळे हद्दीत कधी शिरलो हे पाण्यावर कळत नाही आणि निम्मी तयारी किनाऱ्यावरच उरकावी लागते.

1. हद्द फोनवर उतरवून घ्या

वन विभागाच्या कार्यालयातून अधिसूचनेतल्या हद्दीचे अक्षांश-रेखांश घ्या आणि जीपीएस ॲपमध्ये बिंदू जोडून आकृती तयार करा. गाभ्याची रेघ वेगळ्या रंगात काढा. तिच्या बाहेर 100 मीटरवर इशाऱ्याची दुसरी रेघ ठेवा, कारण इंजिन बंद असताना ओढीने होडी सरकते. गुगल नकाशावरच्या पर्यटकांच्या खुणांवर विसंबू नका. त्या दुकानदारांच्या सोयीने लावलेल्या असतात.

2. परवानगीचा प्रश्न आधी सोडवा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या कलम 26अ मध्ये सागरी हद्दीतून होडीने निर्धोकपणे पार जाण्याचा हक्क राखलेला आहे. पण तो पार जाण्यापुरता. नांगर टाकणं, पाण्यात उतरणं, चित्रीकरण करणं त्यात बसेल असं धरून चालू नका. त्यासाठी वनाधिकाऱ्यांना विचारा आणि मिळालेली परवानगी लेखी जवळ ठेवा. होडीची नोंदणी, सर्वेक्षण दाखला आणि प्रवासी क्षमता हे महाराष्ट्र सागरी मंडळाचं खातं. एका कागदाने दुसऱ्याचं काम होत नाही. पावसाळ्यात, साधारण मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत, जलपर्यटन बंदच असतं.

3. गळ आणि सुरी घरी ठेवा

इथे बहुतेक जण फसतात. कायद्यातल्या ‘शस्त्र’ या व्याख्येत बंदुकीबरोबर गळ, सुरी आणि जाळंही येतं. कलम 31 नुसार लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. म्हणजे गळ पाण्यात टाकला नाही तरी पेटीत सापडला की खुलासा तुम्हाला द्यावा लागेल. ‘इथले मच्छीमार तर जाळी टाकतात’ हा युक्तिवाद चालत नाही. स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं रक्षण करण्याची तरतूद कायद्यातच आहे. हौसेने गळ टाकणाऱ्याला ती लागू नाही.

4. वेळ भरतीवरून ठरवा

कोकणातला जुना हिशोब असा: तिथीचा आकडा पाऊणने गुणला की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा फक्त अंदाज आहे, निघण्याआधी मालवणचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच. खडकांजवळ जायचं तर भरतीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात जा. तळ घासला तरी चढतं पाणी होडी उचलतं. ओहोटीत अडकलात तर काही तास तिथेच, आणि मग चार जण उतरून प्रवाळावर उभे राहून होडी ढकलू लागतात. सर्वांत जास्त नासधूस तेव्हाच होते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ओहोटीला पाणी नेहमीपेक्षा खाली जातं, एरवी न दिसणारे खडक वर येतात. नवख्याने भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, भरती-ओहोटीत कमी फरक असलेले दिवस निवडावेत.

5. नांगर वाळूतच टाका

परवानगी असली तरी नांगर खडकावर पडता कामा नये. वरून पाहिलं तर वाळू फिकट हिरवी दिसते, खडक आणि शेवाळ काळपट. शंका असेल तर पोहण्याचा चष्मा लावून एकाने खाली डोकवावं.

दोर खोलीच्या निदान पाचपट सोडा. 4 मीटर पाणी आणि पाण्यापासून नाळेपर्यंत (होडीच्या पुढच्या टोकापर्यंत) 1 मीटर, असे 5. म्हणजे 25 मीटर दोर. कमी सोडला की नांगर आडवा न राहता वर उचलला जातो, वाळू पकडत नाही आणि फरफटत खडकापर्यंत जातो.

त्याहून मोठी चूक वाऱ्याची. सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो, होडी नांगरापासून पश्चिमेला राहते. दुपारच्या सुमारास खारा वारा सुटला की तीच होडी फिरून पूर्वेला येते. 25 मीटर दोरावर तिचा फेरा जवळपास 50 मीटर रुंदीचा, आणि नांगराला जोडलेली साखळी त्या फेऱ्यात तळ झाडत जाते. सकाळी मोकळी वाटलेली जागा दुपारी खडकावर येते ती अशी. नांगर टाकण्याआधी चारही बाजूंना 30 मीटर वाळू आहे का ते बघा. मोठ्या गोलाकार प्रवाळाची वाढ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर असते. साखळीचा एक ओरखडा अनेक वर्षांची वाढ खरवडून नेतो.

6. इंधन आणि तेल

टाकी किनाऱ्यावर भरा, काठोकाठ नको. टू-स्ट्रोक इंजिनाच्या पुस्तिकेत 50 ला 1 प्रमाण असेल तर 25 लिटर पेट्रोलला 500 मिलिलिटर तेल. ‘असू दे थोडं जास्त’ म्हणून ओतलेलं तेल धूर आणि पाण्यावरचा तवंग होऊन बाहेर पडतं. होडीच्या तळात साचलेलं तेलकट पाणी समुद्रात उपसू नका. जुन्या सुती कापडाने तेल टिपून ते परत आणा.

7. डॉल्फिन दिसले तर

वेग कमी करा, साधारण 50 मीटरवर थांबा, समांतर चाला. समोरून वाट अडवू नका, मागून हाकू नका. पिल्लू असेल तर सरळ निघून जा. आधीच दोन-तीन होड्या असतील तर तुमची चौथी नको. हे पथ्य अभयारण्याबाहेरही पाळायचं आहे, कारण डॉल्फिन, कासव आणि प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि ते संरक्षण हद्दीच्या रेघेवर संपत नाही. बिस्किटं किंवा पाव टाकून मासे जमवणं स्नॉर्केलिंगवाले सर्रास करतात. ते करू नका आणि करू देऊ नका.

8. काही बिनसलं तर

जाळ्यात अडकलेलं कासव दिसलं तर जाळं ओढून तोडू नका, जखम वाढते. जागेची नोंद घेऊन वन विभागाला 1926 वर कळवा. इंजिन बंद पडून होडी खडकाकडे जाऊ लागली तर आधी वल्ही, आणि तेवढ्याने भागत नसेल तर आहे तिथे नांगर. माणसं आधी, प्रवाळ नंतर. तटरक्षक दलासाठी 1554, सागरी पोलिसांसाठी 1093.

परतीला किनारा गाठण्याआधी मुलांचे खिसे आणि पिशव्या तपासा. मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा बाहेर नेणं गुन्हा आहे. सापडला तर हद्दीतच पाण्यात सोडा.