कोअर बांधला, तरी मशीन संथच? या चुका टाळा

दिवाळीनंतर जिनिंगच्या काट्यावर कापसाच्या गाड्या लागल्या की ऑफिसातल्या एकाच लिनक्स मशीनवर बिलिंग, डेटाबेस आणि बॅकअप एकदम चालतात. मशीन अडखळले की ठरलेला उपाय म्हणजे टास्कसेट कमांडने डेटाबेस प्रोसेसरच्या एका कोअरला बांधणे, म्हणजे तो फक्त त्याच कोअरवर चालेल. कॅश, म्हणजे कोअरजवळची छोटी वेगवान मेमरी, गरम राहील, तिथे आधीचा डेटा तयार सापडेल, हा त्यामागचा विचार. बहुतेक वेळा नुकसान इथूनच सुरू होते.

हिशेब करून पाहा. कोअरचा स्वतःचा एल-टू कॅश 256 केबीचा धरला तर त्यात 64 बाइटच्या 4096 ओळी, म्हणजे डेटाचे तुकडे, मावतात. काम शेजारच्या कोअरवर गेले आणि या सगळ्या ओळी एल-थ्रीतून, म्हणजे अनेक कोअरच्या सामाईक कॅशमधून, एकेक आणाव्या लागल्या, तरी प्रत्येकी 13 नॅनोसेकंद धरून 53 मायक्रोसेकंद जातात. प्रीफेचमुळे, म्हणजे डेटा आधीच आणून ठेवल्यामुळे, प्रत्यक्षात याहून कमीच. उलट बांधलेल्या कोअरवर बॅकअप चालू असेल आणि त्याला लगेच हटवता आले नाही, तर त्याची पाळी संपेपर्यंत, म्हणजे आठ कोअरच्या मशीनवर जवळपास 3 मिलिसेकंद, थांबावे लागते. डवरणीला कालचाच माणूस पाहिजे म्हणून दुपारपर्यंत वाट पाहायची आणि धुऱ्यावर बसलेल्या रिकाम्या माणसाला हाक मारायची नाही, तसे हे आहे.

रिकामा माणूस शोधत गावभर फिरण्यातही सकाळ जाते. म्हणून थांबलेले काम जागे झाले की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी त्याचा जुना कोअर आणि उठवणाऱ्याचा कोअर बघतो. ते रिकामे नसतील तर फक्त एकच एल-थ्री वापरणाऱ्या कोअरच्या गटात शोधतो. 2022 च्या 6.0 कर्नलपासून किती कोअर तपासायचे हे गटावरच्या भारावर ठरते. 112 कोअरच्या गटात भार 45 टक्के असेल तर 81 कोअर तपासले जातात, 75 टक्क्यांवर 25 आणि 85 टक्क्यांवर फक्त एक. त्यामुळे गर्दीत एखादा कोअर रिकामा असूनही काम रांगेत लागू शकते. याला बग समजून डीबगमधून एसआयएस-युटिल, म्हणजे शोधावरची ही मर्यादा, बंद करू नका. मग प्रत्येक जागरणाला सगळा गट धुंडाळला जातो, तोही नेमका सगळ्यात जास्त गर्दीत.

मायग्रेशन म्हणजे कामाने एका कोअरवरून दुसऱ्यावर जाणे. मायग्रेशन कॉस्ट ही सेटिंग वाढवणे ही दुसरी नेहमीची चूक. तिचे मूळ मूल्य 5,00,000 नॅनोसेकंद. एवढ्यात चाललेले काम लोड बॅलन्सर, म्हणजे कोअरवरचा भार सारखा करणारा कर्नलचा भाग, गरम मानतो आणि हलवायचे टाळतो. पण जागे होतानाच्या शोधात हे मूल्य पाहिलेच जात नाही. शिवाय 5.13 पासून ही सेटिंग सिसकंट्रोल या नेहमीच्या जागेतून डीबगएफएस या दुसऱ्या जागी गेली आहे, त्यामुळे जुन्या स्क्रिप्टचा काही उपयोग होत नाही.

बांधायचेच असेल तर कोअरला नाही, एल-थ्रीच्या गटाला बांधा. रायझन 7 3700 एक्समध्ये चार-चार कोअरचे दोन गट आहेत, प्रत्येकाचा 16 एमबी एल-थ्री. 5800 एक्समध्ये आठही कोअरना मिळून 32 एमबीचा एकच. गट ओलांडला की तोच डेटा बऱ्याचदा रॅममधून येतो. ओळीला 80 नॅनोसेकंद धरले तर 53 चे सव्वातीनशे मायक्रोसेकंद होतात. नंबर अंदाजाने देऊ नका. एलएससीपीयू कमांड ‘ई’ पर्यायासह चालवून कोणते नंबर एकाच कोअरचे जुळे धागे आहेत ते बघा.

आधी मोजा. ऐन गर्दीत पर्फ या मोजमापाच्या कमांडने 30 सेकंद पर्फ शेड रेकॉर्ड घ्या, मग लेटन्सी, म्हणजे विलंबाचा, अहवाल काढा. पर्फ स्टॅटने मायग्रेशन आणि कॅश मिस, म्हणजे कॅशमध्ये डेटा न सापडणे, बघा. विलंब मिलिसेकंदांत असेल तर बांधलेला कोअर सोडा. विलंब किरकोळ, पण मायग्रेशनसोबत कॅश मिसही वाढत असतील तरच गटबंदी करा. नुसता मायग्रेशनचा आकडा मोठा दिसला म्हणून घाबरू नका, एकाच एल-थ्रीतली हालचाल स्वस्त असते. डेटाबेसला हात लावण्याआधी बॅकअपला नाइस 19, म्हणजे सगळ्यात कमी प्राधान्य, द्या किंवा सीएचआरटी कमांडने आयडल, म्हणजे सगळ्यात मागच्या, वर्गात टाका. बरेचदा एवढ्यानेच भागते.

मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर गेला की प्रोसेसर तापून स्वतःच वेग उतरवू शकतो आणि दोष शेड्युलरवर, म्हणजे कामे कोअरवर लावणाऱ्या कर्नलच्या भागावर, येतो. त्या दिवसांत कोणतेही मोजमाप घेण्याआधी सेन्सर्स कमांडने तापमान बघा आणि पंख्यातली धूळ, रुई काढा.