टेस्टसाठी क्लाउड घेताय? आधी ‘बंद’चा अर्थ विचारा

समजा, निफाडच्या बागायतदारांसाठी फवारणीच्या नोंदींचं छोटं ॲप नाशिकला घरी बसून करून बघायचंय. काम दोन आठवड्यांचं. अशा वेळी क्लाउडचा, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरचा, तासाचा दर बघून कंपनी ठरवू नका. सर्व्हर बंद केल्यावर मीटर थांबतं का, हे आधी बघा.

एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) थांबवलेल्या सर्व्हरचे तास मोजत नाहीत, पण डिस्कचं भाडं चालूच राहतं. डिजिटलओशन या दुसऱ्या कंपनीकडे मात्र बंद करून ठेवलेल्या ड्रॉपलेटचेही (त्यांच्याकडचं सर्व्हरचं नाव) पैसे लागतात. तो डिलीटच करावा लागतो. शिवाय पब्लिक आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, त्याचे पैसे काही ठिकाणी वेगळे. एडब्ल्यूएस फेब्रुवारी २०२४ पासून अशा एका पत्त्याचे (आयपीव्ही४ प्रकारच्या) तासाला ०.००५ डॉलर घेतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण महिन्याचे ७३० तास धरले तर साडेतीन डॉलरच्या वर जातं. छोट्या प्रोजेक्टला हे सर्व्हरच्या भाड्याइतकंच जड होऊ शकतं. त्यावर १८ टक्के जीएसटी आलाच.

रीजन, म्हणजे सर्व्हर ज्या शहरात असेल ते ठिकाण, मुंबई किंवा बंगळुरू घ्या, म्हणजे बागेतल्या मोबाइलवर ॲप लवकर उघडेल.

बजेट अलर्ट (खर्च ठरलेल्या रकमेला पोचला की येणारी सूचना) पहिल्याच दिवशी लावा, अगदी पाचशे रुपयांचा. पण अलर्ट फक्त मेल पाठवतो, सर्व्हर थांबवत नाही, हे माझ्या मते सगळ्यात जास्त लोकांच्या नजरेतून सुटतं. म्हणून काम संपलं की सर्व्हर, डिस्क, स्नॅपशॉट (डिस्कची साठवलेली प्रत), आयपी असं एकेक डिलीट करा, आणि दोन दिवसांनी बिलिंगचं पान पुन्हा उघडून आकडा वाढत नाही ना, ते बघा.