जुन्या गाडीतली करकर कशी शोधावी

वापरलेली गाडी घेतल्यावर काही दिवसांत करकर जाणवू लागली, की थेट गॅरेज गाठून ‘सस्पेन्शनचे काम करून टाका’ असे सांगणे हा सर्वांत महागडा मार्ग आहे. गाडीचा सांगाडा पत्र्याचा आणि एकसंध असल्यामुळे पुढच्या डाव्या चाकाजवळ निघालेला आवाज डॅशबोर्डच्या मध्यभागी ऐकू येतो आणि मागच्या सीटच्या कडीचा आवाज गाडीखालून आल्यासारखा वाटतो. म्हणून आवाज जिथे ऐकू येतो त्या जागेपेक्षा तो केव्हा येतो आणि केव्हा येत नाही, याला अधिक महत्त्व द्यावे. शोधाचे बहुतेक काम घराच्या पार्किंगमध्ये, एका मदतनिसाला सोबत घेऊन करता येते.

सर्वप्रथम गाडी रिकामी करावी. डिकी, ग्लव्ह बॉक्स, दारांचे कप्पे आणि सीटखालची जागा मोकळी करून मागचा पार्सल ट्रे काढून ठेवावा, आणि स्टेपनी व जॅक आपापल्या जागी घट्ट बसले आहेत ना, ते पाहावे. वापरलेल्या गाडीत आधीच्या मालकाने बसवलेल्या वस्तूंकडेही याच वेळी लक्ष द्यावे. नवा म्युझिक सिस्टीम किंवा रिव्हर्स कॅमेरा बसवताना डॅशबोर्डचे आणि आतल्या पॅनेलचे क्लिप तुटतात, मग ते पॅनेल केवळ दाबून बसवून दिले जाते आणि खडबडीत रस्त्यावर ते कायम कुरकुरत राहते. जाड सीट कव्हरला घासणारे सीट बेल्टचे बक्कल हा असाच एक फसवा आवाज आहे.

त्यानंतर गाडी ओळखीच्या रस्त्यावरून, खिडक्या बंद, पंखा आणि गाणी बंद ठेवून चालवावी आणि निरीक्षणे मदतनिसाला लिहून ठेवायला सांगावीत. गतिरोधक सावकाश ओलांडताना आवाज येतो की वेगात, ब्रेक दाबल्यावर गाडीचे नाक खाली जाताना येतो की वळणावर, सकाळी गाडी थंड असताना येतो की तासभर उन्हात उभी राहिल्यावर, हे सगळे नोंदवावे. संथ, लांबलेली करकर ही बहुधा दोन पृष्ठभागांच्या घासण्याची असते. खड्ड्यागणिक येणारी टकटक सांध्यात ढिलाई आल्याचे सुचवते, तर इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांवरच येणारी झणझण अनेकदा सायलेन्सरवरच्या उष्णतारोधक पत्र्याची असते. गाडी धुतल्यावर किंवा पावसात भिजल्यावर आवाज नाहीसा होऊन वाळल्यावर परत येत असेल, तर संशय थेट रबरावर, म्हणजे बुशवर (सस्पेन्शनच्या सांध्यांत बसवलेल्या रबरी नळकांड्यांवर) किंवा दारांच्या बीडिंगवर (कडेच्या रबरी पट्टीवर) घ्यावा.

आता उभ्या गाडीवरची चाचणी. गाडी सपाट जमिनीवर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून उभी करावी आणि ती घरंगळू नये म्हणून चाकांपुढे-मागे किंचित अंतर ठेवून विटा लावाव्यात. हँडब्रेक सोडण्यामागे कारण आहे: तो ओढलेला असताना गाडी वरखाली केली, तर मागच्या ड्रममध्ये अडकलेले ब्रेक शूजच करकरतात आणि निष्कारण मागच्या सस्पेन्शनवर आळ येतो. मदतनिसाने पुढचे दार उघडून उंबऱ्यावर पाय देऊन गाडी लयीत वरखाली करावी आणि आपण चाकाच्या कमानीशी कान न्यावा. बॉनेटवर मध्यभागी दाब देऊ नये, कारण हल्लीच्या गाड्यांचा पत्रा इतका पातळ असतो की तळहाताचा खळगा कायमचा राहतो. चारही कोपऱ्यांवर हेच करावे.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या हॅचबॅक गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा, पीळ घेणारा आडवा दांडा) असतो, त्यामुळे संशयितांची यादी फार मोठी नसते. पुढे लोअर आर्मचे (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) दोन बुश, बॉल जॉइंट (त्या दांड्याच्या चाकाकडच्या टोकाचा गोळ्यासारखा फिरता सांधा), स्टॅबिलायझर बारचे (वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांड्याचे) रबर, त्याच्या लिंक आणि स्ट्रटच्या डोक्यावरचे माउंट व बेअरिंग. मागे बीमचे दोन मोठे बुश, स्प्रिंगखालच्या रबरी गाद्या आणि शॉक ॲब्सॉर्बरची टोके. यांपैकी स्ट्रटच्या बेअरिंगची परीक्षा सर्वांत सोपी आहे. गाडी उभी असतानाच इंजिन चालू करून मदतनिसाने स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे आणि आपण बोटांची टोके स्प्रिंगच्या बाहेरच्या बाजूला, वेटोळ्यांच्या मध्ये न घालता, हलकी टेकवावीत. स्प्रिंग एकसारखी न फिरता अडखळून एकदम उसळी घेत असेल आणि ‘टंग्’ असा आवाज येत असेल, तर वरचे बेअरिंग अडकले आहे. स्प्रिंग मऊ फिरते, पण खालून जुन्या दाराच्या बिजागरीसारखी कुरकुर येते, तर बॉल जॉइंट कोरडा पडला असण्याची शक्यता मोठी.

बॉल जॉइंटचे रबरी बूट टॉर्चच्या उजेडात नीट पाहावे. शाबूत बूट फुगीर आणि धुळीने मळलेले, पण कोरडे दिसते. फाटलेल्या बुटाच्या चिरेभोवती मात्र ग्रीस आणि माती यांचा काळपट चिकट थर साचतो, आणि पावसाळ्यात त्याच चिरेतून आत शिरलेले पाणी उरलेसुरले ग्रीस घालवते. या सांध्यात ढिलाई आढळली तर पुढची तपासणी थांबवून गाडी दुरुस्तीला न्यावी, कारण तो धावत्या गाडीत निखळला तर चाकावरचा ताबाच जातो.

बुशच्या बाबतीत पाण्याची चाचणी अतिशय उपयोगी आहे, आणि माझ्या मते घरी करता येण्याजोग्या चाचण्यांत तिच्याइतकी खात्रीची दुसरी नाही. झाडांवर पाणी मारायच्या फवाऱ्यात साबणाचे पाणी भरावे, एकाच बुशवर ते भरपूर मारावे आणि गाडी पुन्हा वरखाली करावी. आवाज थांबला तर दोषी सापडला. न थांबला तर पुढच्या बुशकडे वळावे. एकाच वेळी सगळीकडे पाणी मारले तर आवाज थांबेल, पण कशामुळे थांबला हे कळणार नाही. पाण्याऐवजी खनिज तेलाचा स्प्रे वापरू नये, कारण नैसर्गिक रबर त्याने फुगते आणि मऊ पडते. खाली वाकावे लागले तर गॅरेजच्या खड्ड्याचा किंवा लिफ्टचा उपयोग करावा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके घालणे कोणत्याही परिस्थितीत टाळावे.

गाडी वरखाली करून काहीच ऐकू आले नाही, तर आवाज आतला असण्याचा संभव वाढतो. एक चाक फरशीच्या कडेवर चढवून गाडी तिरपी उभी केल्यास सांगाड्याला किंचित पीळ पडतो आणि दारांचे रबर चौकटीवर घासून बोलू लागते. तसे झाल्यास रबर ओल्या फडक्याने पुसून, वाळल्यावर त्यावर सिलिकॉनचा पातळ हात द्यावा. इतर जागांसाठी गाडी मदतनिसाला चालवू द्यावी आणि आपण तळहाताने डॅशबोर्डच्या कडा, काचेशेजारचे खांब, सीट बेल्टचे वरचे टोक आणि मागच्या सीटची कडी एकेक करून दाबत जावे; ज्या जागी दाब देताच आवाज बदलतो किंवा थांबतो, ती जागा खुणेच्या चिकटपट्टीने नोंदवावी. पॅनेल उघडल्यावर घासलेला भाग चकचकीत झालेला दिसतो, आणि तिथे कापडी टेपचा तुकडा लावला की बहुधा काम होते.

गॅरेजमध्ये जाताना सापडलेल्या भागाचे नाव आणि आवाजाची परिस्थिती लिहून न्यावी. बुश बदलताना त्यांचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळायला हवेत. गाडी लिफ्टवर लटकलेली असताना ते आवळले, तर रबराला कायमचा पीळ राहतो आणि नवा बुशही लवकर फाटतो. ही बाब घाईच्या गॅरेजमध्ये सर्रास टाळली जाते, म्हणून ती आधीच सांगून ठेवावी. लोअर आर्म बदलल्यास व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. स्ट्रटच्या डोक्याभोवतीच्या पत्र्यावर नवे वेल्डिंग, सुरकुती किंवा रंगाचा फरक दिसला, तर गाडीला पूर्वी पुढून मार बसलेला असू शकतो; अशा वेळी भाग बदलण्याआधी सांगाड्याची मापे तपासून घ्यावीत.

काम झाल्यावर जुने भाग परत मागून घ्यावेत. काढलेल्या बुशचे रबर मधल्या नळीपासून सुटलेले किंवा आरपार चिरलेले नसेल, बॉल जॉइंटची दांडी हाताने सहज डुलत नसेल किंवा कोरडेपणाने अडखळत नसेल, तर आवाजाचे मूळ बहुधा अजून गाडीतच आहे, आणि दुसऱ्या भागाचे पैसे मोजण्याआधी पाण्याचा फवारा पुन्हा बाहेर काढावा.