कॉमेडी क्लबचं तिकीट काढताना

नाटकाला जाणाऱ्यांना तक्त्यावर बोट ठेवून खुर्ची निवडायची सवय असते. मुंबई-पुण्यातल्या कॉमेडी क्लबांत ती बहुतेक वेळा उपयोगाची नाही. इथलं तिकीट फक्त आत जाण्याचं. खुर्ची जो आधी येईल त्याची.

बुकमायशो किंवा डिस्ट्रिक्ट या तिकिटांच्या अ‍ॅपवर शहर आणि तारीख निवडून कॉमेडीचे शो उघडा. (पेटीएम इनसायडरचा तिकीट व्यवसाय २०२४ मध्ये झोमॅटोने घेतला आणि डिस्ट्रिक्ट हे त्यांचंच अ‍ॅप, त्यामुळे जुनं अ‍ॅप शोधत बसू नका.) पोस्टरवर नाव ओळखीचं दिसलं की लगेच पैसे भरले जातात, आणि फसगत होते ती इथेच. शीर्षकात 'ट्रायल', 'न्यू मटेरियल' किंवा 'वर्क इन प्रोग्रेस' असेल, तर कलाकार नवे विनोद तपासायला येणार आहे. हातात वही असेल, दोन विनोद पडतील, तिसऱ्यावर तो स्वतःच मान हलवून काहीतरी खोडेल. तिकीट तुलनेने स्वस्त असतं आणि जाणकाराला हा प्रकार पक्क्या बसवलेल्या शोपेक्षा जास्त आवडू शकतो. पहिल्यांदाच जाणाऱ्या पाहुण्यांना मात्र इथे नेऊ नका. 'लाइनअप'मध्ये साधारण चार-पाच जण प्रत्येकी १०-१५ मिनिटं करतात, आणि पोस्टरवरचा एखादा चेहरा ऐनवेळी बदलू शकतो. ओपन माइकमध्ये प्रत्येकाला चार-पाच मिनिटं मिळतात आणि बरेचसे नवखे असतात. एकाच माणसाचा तासभराचा बांधीव कार्यक्रम हवा असेल तर 'सोलो' शोधा.

त्याच पानावर खाली भाषा आणि वयाची अट असते. कलाकार मराठी आहे म्हणून शो मराठीत असेल असं धरून चालू नका. १६+ किंवा १८+ लिहिलेलं असेल तर दारात ओळखपत्र मागू शकतात. कॉलेजातल्या पोरांना आधारकार्ड घ्यायला सांगा.

दाखवलेली किंमत शेवटची नसते. कन्व्हिनियन्स फी आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी पैसे भरायच्या पानावर दिसतो. काही ठिकाणी 'कव्हर चार्ज' किंवा 'मिनिमम ऑर्डर' असते, म्हणजे खाण्यापिण्याचा ठरावीक खर्च करावाच लागतो. ही ओळ 'टर्म्स'मध्ये दडलेली असते. तिकीट सहसा परत होत नाही, हेही तिथेच.

यूपीआयने पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही, तर घाईने दुसऱ्यांदा भरू नका. आधी अ‍ॅपमधलं बुकिंगचं पान आणि मेसेज पाहा. कधी कधी तिकीट पाच-दहा मिनिटांनी उगवतं आणि मग दोन जोड तिकिटं हातात पडतात. तिकीट विकणाऱ्या अ‍ॅपकडे पैसे पोचल्याची खात्री झालीच नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. व्यवहाराचा नंबर जपून ठेवा.

चौघं-पाचजण असाल तर तिकिटं एकाच बुकिंगमध्ये काढा आणि एकत्रच पोचा. एकाने आत जाऊन चार खुर्च्यांवर रुमाल टाकायचा एसटीतला उपाय इथे चालत नाही. आलेल्या माणसांना ओळीने बसवतात. वेळ ८ ची असेल तर साडेसातला दारात असणं बरं. शो सुरू झाल्यावर उशिरा येणाऱ्याला सोडत नाहीत, आणि सोडलंच तर स्टेजसमोरून जावं लागतं. माइक हातात असलेला माणूस ती संधी सोडत नाही.

पुढच्या रांगेचंही तसंच. नाव, गाव, नोकरी, शेजारी बसलेली कोण, सगळं विचारलं जाईल. नको असेल तर लवकर येऊनही तिसऱ्या-चौथ्या रांगेच्या कडेला बसवायला सांगा. खांब असलेल्या छोट्या क्लबात बसण्यापूर्वी माइक दिसतो का तेवढं पाहा.

क्यूआर कोड आधीच उघडून ठेवा, तळघरातल्या जागी रेंज जाते. आत फोन सायलेंट. रेकॉर्डिंग दिसलं तर बाहेर काढतात. रात्री १० च्या शोला लोकलने परतायचं असेल तर शेवटच्या गाडीची वेळ तिकीट काढतानाच पाहून घ्या, कारण हे शो सांगितलेल्या वेळेला क्वचितच संपतात.